कवळीचा वायदा

इलोइलो शहरातल्या बास्केटबॉल मैदानावर महापौरांचं फुकट दंतशिबिर होतं. सुजलेला गाल धरून रांगेत बसलेल्या लुमेनला पुढच्या मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं.

“आई, नुसती कीड लागलीय. भरला तर दात वाचेल, असं शाळेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.”

“इथे भरत नाहीत, जेसा. इथे उपटतात.”

“पुढचा दात आहे गं. सोमवारी मॉलमध्ये मुलाखत आहे माझी. तोंडात खिंडार घेऊन गिऱ्हाइकांकडे बघून हसू?”

“ओठ मिटून हस. मी नाही हसत?”

“तू हसतेस कधी?”

“रात्रभर कण्हत कोण होतं? पुढचं शिबिर आता पुढच्या निवडणुकीला. आणि कवळी देणार आहेत. निवडून आलो की सगळ्यांना, असं महापौर परवाच्या सभेत म्हणाले.”

“तुझे काढले तेव्हाही हेच म्हणाले होते ना?”

“हेच.”

“मग कुठाय तुझी कवळी?”

“तेव्हा ते निवडून आले ना, मग राहिलंच ते.”

आतून जेसाच्या नावाचा पुकारा झाला.

“जा,” आई म्हणाली, आणि सवयीने तिचा हात तोंडावर गेला.