कुडूसाठी कुठलं धनुष्य

(ऑस्ट्रेलियातलं टूवूंबा, जून २०२०. शनिवारची दुपार. गॅरेजचं शटर अर्धं वर. आत घरात एल्सा नाइट शिफ्ट करून झोपली आहे. गॅरेजमध्ये तिचा नवरा अवधूत आणि वसईहून आलेले तिचे वडील थॉमस.)

थॉमस: परत ओढ. आणि या वेळी बोलू नकोस.

अवधूत: नाही डॅडी, मी फक्त एवढंच सांगत होतो की हे नवं धनुष्य पासष्ट पाउंडांचं आहे, म्हणून जरा...

थॉमस: ओढ. हां. आता धरून ठेव. धर. धर. बस, हळूच पुढे आण. झालं.

अवधूत: बघितलंत? आलं ना पूर्ण?

थॉमस: आलं. पण तुझी हनुवटी हलते.

अवधूत: हनुवटीचा काय संबंध?

थॉमस: अख्खी नोकरी मी शाळेत पीटी शिकवण्यात घालवली. पोराला गोळा झेपत नसला की आधी हनुवटी हलते. हात नंतर.

अवधूत: हळू बोला ना. एल्सा आत्ताच झोपलीय.

थॉमस: हळूच बोलतोय. या घरात मार्चपासून हळूच बोलतोय मी. ते दुसरं दे इकडे, जुनं.

अवधूत: तो रिकर्व्ह आहे, टोकं बाहेर वळलेला, पन्नास पाउंडांचा. क्लबातल्या डॅरेलच्या शेतावर रानडुकरं मारतो ना, ती यानेच. इथे ठीक आहे. आफ्रिकेत नाही चालणार. कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, डॅडी. शिंगं अशी पिळदार, लांबच लांब.

थॉमस: नाही चालणार असं कोण म्हणालं?

अवधूत: नेटवर शिकाऱ्यांच्या फोरमवर सगळे म्हणतात. एक अमेरिकन आहे, तो तर सत्तरच्या खाली बोलतच नाही. मला म्हणाला, सत्तर ओढ आणि थेट रानम्हशीला लाग.

थॉमस: सांगलीला तुझ्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं ना रे?

अवधूत: अजूनही चालत नाही. आईला वाटतं मी फक्त टार्गेटवर मारतो.

थॉमस: बरं. आणि बंदी उठली की ज्याच्याकडे शिकारीला जाणार आहेस, तो नामिबियातला माणूस काय म्हणतो?

अवधूत: हेनिंग? त्याचा मेल आलाय. विचारतोय, कुठलं धनुष्य, किती पाउंड, बाण किती जड, पातं कुठलं. आणि स्टुलावर बसून पहिलाच बाण किती पावलांवरून हमखास लागतो.

थॉमस: बसून?

अवधूत: हो. पाणवठ्याजवळ लपण असतं. आपण दिवसभर आत बसायचं. जनावर पाणी प्यायला येतं, पंधरा-वीस पावलांवर.

थॉमस: आणि तू महिनाभर उभा राहून ओढतोयस.

अवधूत: ...हो.

थॉमस: तो रंगाचा डबा घे. बस त्याच्यावर.

अवधूत: वाकेल तो.

थॉमस: बस रे बाबा. गुडघे तिकडे. आता घे तुझं ते नवं.

अवधूत: याचं खालचं टोक जमिनीला लागतंय.

थॉमस: लागणारच. तुझ्या उंचीचं आहे ते. तिरकं धर.

अवधूत: तिरकं धरलं की... थांबा... नाही, ओढलंच जात नाहीये. बसल्यावर पाठीचा जोरच लागत नाही.

थॉमस: आता जुनं घे. ओढ. येतंय?

अवधूत: हे येतंय.

थॉमस: धरून ठेव. जनावराने मान वर केली. तुझ्याकडेच बघतंय. हलायचं नाही. अजून बघतंय. आता घातली मान खाली. सोडू नकोस, बाण लावलेला नाहीये, मोडेल. हळू पुढे आण. हे बरोबर होतं.

अवधूत: पण जोर, डॅडी? बाण अर्धाच शिरला तर? जखमी जनावर झुडपांत पळून जाणार. तिथे नियम आहे, रक्त सांडलं की तीच तुमची शिकार, पैसे भरायचे, सापडो न सापडो. तुम्ही परत जेवायला येता, आणि ते कुठेतरी पडलेलं असतं. मला ते नकोय. त्यापेक्षा मी जातच नाही.

थॉमस: गोळा आणि रबरी चेंडू एकाच हाताने फेकला तर दार कशाने फुटेल?

अवधूत: म्हणजे जड बाण. हो, ते वाचलंय मी. हा बघा, हा ॲल्युमिनियमचा. टार्गेटवर मस्त जातो, पण हलका. आणि हा लाकडी, पुढे पितळ घालून जड केलेला. हळू जातो, पण लागल्यावर थांबत नाही. गेल्या वर्षी डुकराच्या खांद्यातून आरपार गेला होता.

थॉमस: आणि पातं?

अवधूत: तीन धारांचं दिसायला भयंकर, पण हाडावर अडकतं. हे दोन धारांचं हाड चिरून पुढे जातं. धरा, पण जपून. काल दगडावर घासलंय, केस उतरतात त्याने.

थॉमस: मग तुला सगळं माहीत आहे की.

अवधूत: नेमही बदलायला लागेल. तिकडच्या जनावरांचं काळीज पुढे असतं, आणि खाली. पुढच्या पायाच्या सरळ रेषेत. इथल्या हरणांसारखं खांद्याच्या मागे मारलं की संपलं.

थॉमस: मग लिही ना त्याला. जुनं धनुष्य, पन्नास. लाकडी बाण. हे पातं. बसून, पंधरा पावलं.

अवधूत: पंधरा वाचून हसेल तो.

थॉमस: हसू दे. पासष्ट लिहिलंस तर त्या हिशेबाने तो तुला लांब बसवील. खरं लिहिलंस तर जवळ बसवील. त्यात तुझाच फायदा आहे.

अवधूत: आणि म्हैस?

थॉमस: म्हैस त्या अमेरिकनाला दे.

अवधूत: ...लिहितो. 'फक्त कुडू. म्हैस नको.' पाठवला.

थॉमस: झालं. एवढ्यासाठी महिनाभर खांदा झिजवलास.

अवधूत: खरं सांगू? हे जड धनुष्य आलं तेव्हा बरं वाटलं होतं मला. म्हटलं, याला वेळ लागेल, रोज ओढावं लागेल. नाहीतर आहे काय? देशाबाहेर जायला बंदी. क्लब बंद. मागच्या खोलीत झूम, मग गॅरेज, मग परत झूम. एल्सा हॉस्पिटलमधून येते ती सरळ बाथरूममध्ये. वेगळी खोली, वेगळं ताट. एका टेबलावर कधी जेवलो ते आठवत नाही. काहीतरी ओढायला हवं होतं मला.

थॉमस: मला नको सांगू. मी त्या कुंपणापर्यंत जातो आणि परत येतो. दूध आणायला जायचं नाही. चर्चची मिस्सा टीव्हीवर. शेजारीण लिंबं घेऊन आली, तर मी खिडकीतून हात हलवायचा. ईस्टरला परत जाणारा माणूस मी. तुझं जॅकेट घालून हिवाळा काढतोय.

अवधूत: तुमच्यासाठीच करते ती. स्टेंट आहे, शुगर आहे.

थॉमस: म्हणून तर गप्प बसलो. पण माझी लिलियन तिकडे वसईला एकटी आहे, अवधूत. तिची म्हातारी आई होती, तिच्यासाठीच तर ती माझ्याबरोबर आली नाही. ती म्हातारी एप्रिलमध्ये गेली. मी इथे तुझ्या सोफ्यावर बसून फोनवर फादरांची प्रार्थना ऐकली. आणि आता मी विचारतो, फ्लाइटचं काही कानावर आलं का गं, तर म्हणते, तू तिथेच बरा आहेस. अरे, मला शाळेतून यायला उशीर झाला तर ही बाई रस्त्यावर येऊन उभी राहायची. ती असं कसं म्हणते?

अवधूत: हा बाण जरा वाकडा वाटतोय.

थॉमस: राहू दे तो बाण. परतीच्या विमानासाठी भारताच्या कॉन्सुलेटकडे माझं नाव तूच घातलंस ना?

अवधूत: हो. नंबर माझाच दिलाय.

थॉमस: मग?

अवधूत: ते पातं आधी खाली ठेवा, डॅडी. हात कापेल.

थॉमस: ठेवलं. बोल.

अवधूत: मे महिन्यात फोन आला होता. सीट होती तुमच्यासाठी. एल्साने सांगितलं, तब्येत प्रवासाजोगी नाही. तुम्ही आत झोपला होतात.

थॉमस: मे महिन्यात.

अवधूत: आणि परवा परत आला. पुढच्या आठवड्यात, सिडनीहून. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. एल्सा म्हणाली, नाही कळव. मी अजून कळवलेलं नाही. सकाळपासून इथे बाणच निवडत बसलोय.

थॉमस: लिलियनला माहीत आहे?

अवधूत: डॅडी...

थॉमस: माहीत आहे का तिला?

अवधूत: मम्मीच म्हणाल्या. तुमच्या आळीत घरं सील केलीत, हॉस्पिटलात बेड नाही. म्हणाल्या, त्याला कळलं तर तो येईल, म्हणून कळू देऊ नका.

थॉमस: रोज बोलतो मी तिच्याशी. विहिरीचा पंप, केळीचे घड, मांजरीची पिल्लं, सगळं सांगते. हे सोडून सगळं.

एल्सा: काय सांगते? कोण? तुमच्या आवाजाने जाग आली मला. डॅडी, तू इथे थंडीत काय करतोयस? टोपी कुठेय तुझी?

थॉमस: एल्सा, मे महिन्यात माझी सीट आली होती?

एल्सा: ...अवधूत!

अवधूत: मला नाही जमलं, एल्सा.

एल्सा: यू प्रॉमिस्ड. झोपायच्या आधी विचारलं मी तुला, तर म्हणालास, आज कळवतो.

थॉमस: त्याच्यावर नको. माझ्याशी बोल.

एल्सा: बोलते. डॅडी, मी नर्स आहे. तुझ्या वयाचा, तुझ्यासारखा स्टेंटवाला माणूस आजारी पडला तर काय होतं, ते मी आमच्या ट्रेनिंगमध्ये रोज ऐकते. आणि तिकडे मम्मी सांगते, समोरचे अंकल रिक्षात बसून एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात फिरत होते. दारातूनच परत पाठवत होते त्यांना. मी तुला त्या रिक्षात बसायला पाठवू?

थॉमस: मला विचारायचं होतंस.

एल्सा: विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास.

थॉमस: म्हणालोच असतो.

एल्सा: मग? कसं विचारणार होते मी?

थॉमस: तुझी आजी गेली तेव्हा सिमेट्रीत चार-पाच माणसं होती. लांब लांब उभी केली होती त्यांना. तुझ्या मम्मीच्या शेजारी कुणी नव्हतं. तेव्हा विमानंच बंद होती, म्हणून मी मुकाट्याने सोसलं. पण मे महिन्यात विमान होतं, जागा होती, आणि मी इथे कुंपणापर्यंत फेऱ्या मारत होतो. तू माझी काळजी घेतलीस हे मला कळतं गं. पण कोंडून घेतलीस.

एल्सा: कोंडणारच! मला तरी कुठे जाता येतंय? तुला तिकडे काही झालं तर मला इथून निघू देणार नाहीत, डॅडी. आधी परमिशन मागायची, मग वाट बघायची, मग क्वारंटीन. तोपर्यंत? आजीला बघितलं तसं फोनवर बघू मी तुला?

थॉमस: ये इकडे.

एल्सा: नको. जवळ नको येऊस. शिफ्टवरून आलेय मी.

थॉमस: आंघोळ केलीस ना?

एल्सा: केली.

थॉमस: मग ये. मार्चपासून हात लावलेला नाहीस मला.

एल्सा: ...किती बारीक झालायस तू.

थॉमस: याच्या ढगळ जॅकेटमुळे वाटतं तसं. ऐक. मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण ती इथे बसून एकट्याने सोसायची की तिकडे तुझ्या मम्मीजवळ, एवढंच उरलंय माझ्या हातात. मला तिच्याजवळ असायचंय.

एल्सा: आणि माझं काय?

थॉमस: तुझ्याजवळ हा आहे. आधी त्याच्याबरोबर एका टेबलावर बसून जेव. तोही वेडा व्हायला आलाय.

अवधूत: एल्सा, लावू का मी फोन? तू सांग.

एल्सा: दोन मास्क लावायचे, डॅडी. वर शील्ड. विमानात कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. शुगर उतरली तर एक बिस्किट, तेसुद्धा तोंड खिडकीकडे करून.

थॉमस: बरं.

एल्सा: बरं म्हणतोस आणि करत नाहीस.

थॉमस: करीन. गप्पासुद्धा नाही मारणार.

एल्सा: लाव, अवधूत. पण बोलते मी. तब्येत बरी नाही असं मीच सांगितलं होतं त्यांना.

अवधूत: रिंग होतेय.

एल्सा: मम्मीला काय सांगू?

थॉमस: काही सांगू नकोस. मी तिकडे उतरल्यावर सांगीन. आधी कळलं तर ती नाहीच म्हणेल.

एल्सा: ती घरात घेणार नाही तुला. पंधरा दिवस मागच्या खोलीत ठेवील.

थॉमस: ठेवू दे. त्या खोलीला स्वयंपाकघराची भिंत लागून आहे. तिची भांडी वाजलेली ऐकू येतात.