ताकदीची बाटली

मी मूळची निपाणीकडची. माहेर तिकडंच, सासरही तिकडंच, नर्सिंग शिकले आणि बेंगळूरला आले. आता हेब्बाळच्या एका दवाखान्यात सिस्टर हाय, आणि आमचे मालक, म्हणजे हे, चिकपेटच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक नाक मुरडून गेलं की परत घड्या घालायच्या. दमतो माणूस, मी कुठं न्हाई म्हणते? पण दमलं की जेवावं, झोपावं. ह्यांची आणि दुकानातल्या सगळ्यांची रीत येगळी. दमलं की बाटली लावायची. बाजारामागं एक डॉक्टर बसतो, डॉक्टर म्हणायचं म्हणून म्हणायचं, तिथं बाकड्यावर ओळीनं आडवे होतात, हाताला ग्लुकोज लावून घेतात आणि मिशीवर ताव देत दुकानात परत. ताकद आली म्हणे. कसली डोंबलाची ताकद! दोन ग्लास सरबतातली साखर ती.

आणि काय सांगू तुम्हाला, आमच्या ह्यांना मधुमेह! गोळ्या मी हातावर ठेवायची, हे खिशात घालायचे. लग्नसराईत घसा कोरडा, सारखं लघवीला, पाय गळालेले. अहो, साखर वाढली होती! दुकानातला एक शहाणा म्हणाला, अण्णा, स्वल्प ग्लुकोज घ्या, सरी होतं, म्हणजे बरं वाटतं. गेले. त्या डॉक्टरनं रक्त तपासलं न्हाई, मधुमेह हाय का विचारलं न्हाई, आणि ह्यांनी सांगितलं न्हाई. का? तर सांगितलं असतं तर बाटली मिळाली नसती! आधीच साखर चढलेल्या माणसाच्या नसंत साखर. बरं वाटंना म्हणून दुसरी बाटली. मग बरळायला लागले तवा दुकानातल्यांनी रिक्षात घालून माझ्याच दवाखान्यात आणलं. मला ओळखलं न्हाई हो त्यांनी.

इन्सुलिन दिलं, मिठाच्या पाण्याची सलाइन लावली, वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं? कसली बाटली हाय ही? मी म्हटलं, मिठाची. तर तोंड वाकडं करून म्हणतात, मिठात कसली ताकद, ग्लुकोज लावायला सांग की. मला वाटलं, सलाइनच्या स्टँडनंच हाणावं.

तवापासून रोज इन्सुलिन. टोचलं की जेवायचं, हे मी ओरडून ओरडून सांगितलेलं. पण परवा टोचून घेतलं आणि दुकानाजवळ इडली खातो म्हणून तसेच निघाले. जिन्यातच कोसळले, घामानं चिंब, दातखीळ बसलेली. साखर पार खाली गेलेली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालता येत न्हाई, श्वासात जातं. पळवलं दवाखान्यात, आणि आता मात्र ग्लुकोजच लागलं, तेही कडक. ते जपून द्यावं लागतं, नस चांगली बघून, हळूहळू. नसंबाहेर गेलं तर हात जळतो. सुई मी लावली आणि मनगट धरून बसले.

डोळे उघडले. वर बघितलं, बाटलीवरचं नाव वाचलं आणि हसले. म्हणाले, बघ, शेवटी ग्लुकोजच लागलं न्हवं? मी सांगत होतो.

आता चिकपेटभर सांगत फिरतात, सिस्टर बायकोनं हार मानली म्हणून. ह्या माणसाला अक्कल यायची न्हाई, माझी खात्री झालीया. त्या दिवशी बाटली संपली, सुई काढली, तरी मी मनगट धरूनच होते. त्यांना वाटतं, नस बघत होते. वाटू दे. जगू दे शहाण्याला.