जिन्याखालच्या बाईंचा अर्ज

...अहो, आपलंच असलं म्हणून काय झालं, सांगायला नको? हे माझं वाक्य नव्हे हो, लेकीचं! कॉलेजात एम.ए.च्या पोरांना लिहिण्यातला प्रामाणिकपणा शिकवते ती. मी शाळेची पायरी चढले नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालंय. एकदा छापलेला आपलाच लेख नवा म्हणून पुन्हा द्यायचा नाही, द्यायचाच तर लिहायचं, बाबांनो, हे जुनं आहे. (हे मी तुम्हाला परवाही सांगितलं होतं. आधीच सांगते, मागाहून बोलू नका!)

आणि तो खिडकीवाला! हिच्याबरोबरच नोकरीला लागला, पण खिडकीची खोली त्याला आणि जिन्याखालची हिला. तेव्हापासून त्याचा लेख छापून आला की हिच्या हातून भाजी करपलीच म्हणून समजा! त्यात यंदा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, आणि दावेदार हे दोघंच.

तर एक विद्यार्थिनी भर वर्गात उठली, "मॅडम, खिडकीवाल्या सरांचे हे दोन लेख... पानंच्या पानं सारखी! चालतं का?"

लेक घरी आली ती चपलांसकट आत! "आई, सापडला! आता खुर्ची माझी!" बसली त्याच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज खरडायला. मी म्हटलं, "अगं, त्याला विचार तरी." "तू गप्प बस गं!" बसले भाजी निवडत, काय करते?

आठ दिवसांनी कॉलेजच्या चौकशी समितीनं हिला बोलावलं. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सरांनी नव्या लेखाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, हा भाग माझ्याच जुन्या लेखातला. तुम्ही शेवटचं पान उलटलं नाहीत? आणि मॅडम... इथे येणारा प्रत्येक कागद संगणक जुन्या कागदांशी ताडून बघतो. तुमचा हा अर्ज गेल्या वर्षीच्या अर्जाशी नव्वद टक्के जुळतो. त्याच्या आदल्या वर्षीच्याशीही!"

दरवर्षी त्याच्याविरुद्ध अर्ज, आणि दरवर्षी नुसती तारीख आणि आरोपाची एक ओळ बदलायची हो ही बया! अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपलंच असलं म्हणून काय झालं, सांगायला नको?"

खुर्ची गेली खिडकीवाल्याकडे. वर शिक्षा काय, तर प्रामाणिकपणाच्या तासाला पोरांबरोबर बसायचं, आणि तास घेणार तो! काल बसली पहिल्या बाकावर. त्यानं टिपणं काढली ती हिचीच, आणि आधी फळ्यावर लिहिलं, 'ही सगळी टिपणं मॅडमची आहेत.'

मी म्हटलं, "अगं, मग चांगलं वागला की बिचारा!"

लेक रडकुंडीला आली. "चांगलं काय, आई? अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा सुरेख आहे गं मेल्याचं!"

...आज पुन्हा भाजी करपली. खातोय दोघी आपलं.