क्वेकराचा 'तू'

फिलाडेल्फियाजवळच्या पिठाच्या गिरणीवर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे जर्मन लुथरन विधवा अपोलोनिया आणि क्वेकर पंथाचा सुतार एनॉक.

"अहो एनॉक, परवा माझं कुंपण दुरुस्त करताना तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"म्हणालो."

"आमच्यात परका पुरुष बाईला उगाच 'तू' म्हणत नाही. मला वाटलं, मागणीच घालताय. मी होकार ठरवून बसले. पाद्रीबाबांनाही सांगून टाकलं."

"अगं, आम्ही सगळ्यांनाच तू म्हणतो! देवापुढे सगळे सारखे. गव्हर्नरलाही तू म्हणतो."

"आणि माझ्या डुकराला?"

"त्यालाही तूच म्हणालो."

"म्हणजे मी, गव्हर्नर आणि डुक्कर एकाच पंगतीत!"

"तुला राग आला?"

"नाही, आनंदाने नाचतेय! या वसाहतीत म्हणे ज्याने त्याने आपला धर्म पाळावा. पाळा की! पण तुमचा धर्म माझ्या अंगणात येऊन माझं लग्न ठरवतो आणि मोडतो, त्याचं काय?"

"एका माणसाला 'तुम्ही' म्हटलं तर आमची सभा मला वाळीत टाकेल गं."

"मग बस त्या सभेला 'तू' म्हणत. मी चालले."

"थांब ना."

"कुणाला सांगतोयस? मला की डुकराला?"

मागे रांगेत त्याच्याच सभेतले म्हातारे उभे होते. एनॉकने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"अपोलोनिया, तुम्ही थांबा."