तेवीसशे सहा सागरी मैल

आदरणीय अध्यक्ष डॉन अनिबाल, व्यासपीठावरील पाहुणे, विमानतळावरची सगळी मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो ते उलिसेस मान्सिया,

मला बोलायला उभं केलंत, हे जरा धाडसाचंच. मी शिकलेली बाई नाही. जे वाचलं ते इथल्या, पुन्ता अरेनासच्या वाचनालयातलं, चुलीजवळ बसून.

उलिसेस तीस वर्षं विमानांच्या मार्गाची अंतरं काढत आले. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी इथून ईस्टर बेटापर्यंतचं अंतर काढलं, त्यावरून इंधन भरलं, आणि माझे यजमान एवारिस्तो मालवाहू विमान घेऊन निघाले. विमान पोहोचलं नाही. सापडलंही नाही.

त्यांच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेनंतर सगळे याच दालनात आले होते. माझे दीर एरिबेर्तो यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि ओरडले, "एकतीसशे मैल भरतात! या शहाण्यानं लिहिले तेवीसशे सहा! उरलेले आठशे काय पोहत जायचे होते?"

उलिसेस पुढच्या रविवारी जळणाची लाकडं घेऊन माझ्या दारात आले आणि त्या सकाळचा हिशेबाचा कागद टेबलावर ठेवला. "वहिनी, घाईत केलं होतं. पुन्हा तपासायला हात धजत नाही."

तेव्हापासून दर रविवारी येतात. म्हणतात, "वहिनी, तुमचा माते चहा म्हणजे गरम पाण्याला नुसती पानं दाखवलेली." मी म्हणते, "मग आपल्या घरी प्या." हसू नका, खरंच पातळ होतो.

पृथ्वी गोल, नकाशा सपाट. आपल्याकडे दक्षिणेला तो ताणलेला असतो, पट्टी खोटं सांगते. हे मला पुस्तकातून कळलं. गोलावरचं अंतर काढायला शिकण्यात दोन हिवाळे गेले. मग तो कागद समोर घेतला. उत्तर आलं तेवीसशे सहा.

आणखी चार वेळा केलं. खरं सांगते, चूक सापडावी म्हणून केलं. सापडली असती तर रागवायला कुणीतरी उरलं असतं.

याला चार वर्षं झाली. मी बोलले नाही. का? सांगितलं, तर हा माणूस माझ्या दारी कशासाठी येईल? मला तेव्हाही रडू येत नव्हतं, आताही येत नाही. आठवड्यातून एकदा दार वाजायचं, मी उठायची, एवढंच.

उलिसेस, बसा. उठू नका. तुमचं अंतर बरोबर होतं. एरिबेर्तो भावोजी, मागे बसलात तरी तुम्हीही ऐका.

अध्यक्षांनी वेळ दिला, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते तुम्ही सगळे पोटात घालाल. चार वर्षं न बोलल्याची माफी मात्र मी एकट्या उलिसेसकडे मागते, आणि ती त्यांनी इथे, चारचौघांत, भिडेखातर देऊ नये.