क्रमांक तीन जोडला

...न्हाई न्हाई, कुणी चोरून घुसलं असंल असं माझ्यासमोर म्हणूच नका! कुलूप लई पक्कं हाय, भाऊ! मी सावळेराम, खोडदला विहिरीच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो, मला नका शिकवू.

तुमाला सांगतो, आमच्या उसात बिबट्या. थ्री फेज लाईट येती संध्याकाळी सहाला, मग मोटार चालू-बंद करायला विहिरीवर जायचं कुणी? म्हणून स्टार्टरच्या पेटीत नखाएवढी चिप बसवली. तीच सर्व्हर! हसताय काय? फोन अन् चिपमधी एक नळी कायम उघडी राहती, वेबसॉकेट म्हणत्यात तिला. इकडून 'चालू' म्हणलं की तिकडून मोटार ओ देती. शेजारी ती आभाळातल्या रेडिओलहरी ऐकणारी मोठाली दुर्बीण, तिला वायफायचा तरास नको म्हणून बांधाबांधानं वायर नेली. अन् नळीला कुलूप! ज्याच्या फोनात चावीची फाईल, तोच आत. एक चावी माझी, दुसरी बायकोची, तिसरी माझ्या चुलत्यांची, चिमाजीतात्यांची. फक्त चिपची मेमरी एवढीशी, एका टायमाला दोघंच मावत्यात. तिसरा आला की, 'जागा नाही.'

आखाडात तात्या गेले. मला आली माया... तंबाखूच्या चंचीबरोबर त्यांचा फोनबी सरणावर ठेवला. जरा वेळानं, फट्ट! शेजारचा रखमाजी म्हणला, "कवटी फुटली, चला रं घरी!" झालं, सगळे फिरले. कवटी कुठली राव, बॅटरी व्हती ती!

दहाव्याला कावळा शिवंना. दोन तास डोकी तापली. लंकाबाई, आमची मंडळी, कानात म्हणली, "अहो, मोटारीत जीव अडकलाय त्यांचा." मी हात जोडले, "तात्या, चिपमधून तुमचं नाव कधी काढणार न्हाई!" अन् कावळा असा झपकन आला का!

त्याच दिवशी सहाला फोनवर अक्षरं, 'क्रमांक तीन जोडला.' मोटार सुरू! कोण असंल? चावी तर राखंत गेली, दुसरी प्रत न्हाई, अन् कुलूप लई पक्कं हाय, भाऊ...

बायको दाबती 'बंद', तिकडून 'चालू'. बंद. चालू. मी मधी शिरायला गेलो तर, 'जागा नाही'! मला! ज्यानं चिप बसवली त्याला! पाणी तळाला चाललेलं, मोटार जळंल न्हाई का? मग घेतली काठी अन् निघालो उसाच्या कडंनं, हातानं बंद करायला. रोज! ज्या भ्यानं एवढा खटाटोप केला, तेच नशिबी.

अन् परवा... ऐका. अर्ध्या वाटंत व्हतो. मोटार घुमत व्हती. एकाएकी गप झाली. सगळं शिवार गप. अन् मग डाव्या हाताला, उसात, चार हातांवर... गुर्रर्र. मोटार चालू असती तर ऐकू आलं असतं का? तुमीच सांगा! घरी कसा आलो ठावं न्हाई, चप्पल तिकडंच. ओट्यावर बसून रडलो, खरं सांगतो.

"कुणी गं बंद केली?"

"क्रमांक तीन," बायको म्हणली. "आता विहिरीवर जायचं न्हाई. तिघांची दाटी व्हती, एक नाव काढा."

"अगं, कावळ्याला शब्द दिलाय मी!"

"तात्यांचं कोण म्हणतंय? तुमचं काढा."

काढलं. काय करतो? कुलूप लई पक्कं हाय, भाऊ, आता मलाबी उघडत न्हाई.

आता सहा वाजले की मोटार आपली आपण सुरू व्हती. ऊस भिजला की लंकाबाई भाकरी थापता थापता, फोनला हातबी न लावता, हळूच म्हणती, "तात्या, बास आता." अन् मोटार... बंद! 

म्हणलं, "अगं, तुला भ्या न्हाई वाटत?"

"भ्या कशाचं? एका हाकंत ऐकत्यात. तुमाला सिलेंडर लावा म्हणून मी सकाळधरनं सांगतीय."

उठलो... लावला सिलेंडर.