आजी कपाटात आहे

मोबाइल दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे पुस्तकं बांधणारे एक आजोबा आणि कॉम्प्युटर शिकणारी त्यांची नात उभी होती. आजोबांचा फोन अडकून बसला होता.

"आजोबा, बंद करून परत चालू करूया."

"नको गं. बंद केला की सगळं विसरेल. तुझ्या आजीचा आवाज आता तेवढ्यातच उरलाय."

"नाही विसरत. तुमचं कामाचं टेबल वेगळं आणि कपाट वेगळं, तसंच आहे याचं. बंद केला की टेबलावरचा पसारा तेवढा जातो. आजी कपाटात आहे."

"कपाटात मावणारी नव्हती ती."

"आजोबा."

"बरं, कर बाई."

"झाला चालू. आता तुम्हीच लावा."

"बघ, मला ओळखच दाखवत नाही."

"बोटावर खळ वाळलीय तुमच्या. काचेवर बारीकशी वीज खेळत असते, तिला कातडीचा स्पर्श कळतो. खळीच्या पापुद्र्याआडून कसा कळणार? करंगळी टेकवा."

"ही घे, टेकवली."

"अहो, ताट वाढून ठेवलंय. किती हाका मारायच्या माणसानं?"

"आलोच गं," आजोबा फोनला म्हणाले.